वकिलाचा गुडघा

मी काय काम करते हे माझ्या आईला अजून कुणाला नीट सांगता येत नाही. वडील सांगतात, पण "पोरगी लाईटीवर हाय" एवढंच सांगतात. त्यामुळे केडगावच्या अलीकडची-पलीकडची बरीच माणसं मला वायरमन समजतात आणि डीपी जळाला की आमच्या घरी निरोप येतो. सुरुवातीला मी प्रत्येकाला थांबवून खुलासा करायचे. आता "कळवते साहेबांना" म्हणते आणि पुढे जाते.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडिलांची शेवंतीची शेती आहे. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.साठी एका प्रकल्पात काम करते. कॉलेजात एखादी गोष्ट समजली असं वाटलं की मी ती फुलं खुडता खुडता आईला सांगून बघायची. तिला कळली तर मलाही कळली आहे, असं धरायचं. या कामाचंही मी आधी तिलाच सांगितलं होतं. तसंच इथे सांगते.

मटण खाणाऱ्यांना हाडाच्या टोकावरचा तो पांढरा, गुळगुळीत, चावला की कर्रकन वाजणारा थर माहीत असेल. शाळेच्या पुस्तकात त्याला कूर्चा म्हटलं आहे. दोन हाडं जिथे भेटतात तिथे हा थर असतो, म्हणून आपण उठू-बसू शकतो. त्याचं दुर्दैव असं, की त्याला रक्तवाहिन्या नाहीत आणि दुखणं कळवणाऱ्या नसाही नाहीत. झिजायला लागला तरी तो ओरडत नाही. ओरडतं ते खालचं हाड, आणि तोवर वरचा थर बराचसा गेलेला असतो. गेलेला थर पुन्हा नीट भरून येत नाही. मग तो किती उरलाय, टणक आहे की मऊ पडलाय, हे बघायचं कसं? तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर अगदी स्वच्छ कळतं. पण जे भरून येत नाही तेच कापायचं म्हणजे भाकरी भाजली का हे बघायला ती खाऊन टाकण्यासारखं झालं.

म्हणून न कापता, न टोचता, नुसता उजेड टाकून ते ओळखायचं, हे आमचं काम. दौंडकडचे पोल्ट्रीवाले अंडं दिव्यासमोर धरतात आणि कवच न फोडता आत काय चाललंय ते बघतात, तसंच. फक्त आमचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, तो लाल रंगाच्या पलीकडचा असतो. पेनाएवढ्या दांडीतून तो कूर्चेवर टाकायचा. तो थोडा आत शिरतो. आतलं पाणी आणि आतले तंतू त्यातला काही भाग पिऊन टाकतात, उरलेला परत येतो. परत आलेल्या उजेडाची लॅपटॉपवर एक रेघ उमटते. त्या रेघेत काय कमी पडलंय यावरून आत काय आहे ते ओळखायचं.

आई म्हणाली, "म्हंजी ताट परत आलं की त्यातलं काय संपलंय त्यावरनं पाव्हण्याला काय आवडलं ते कळतं. तसंच की."

हे वाक्य मी माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये वापरलं होतं. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

या कामाच्या दोन अडचणी आधीच सांगून ठेवते. पहिली अशी की उघड्या कूर्चेवर ही पद्धत छान चालते, पण मध्ये कातडी, केस, चरबी आली की उजेड वाटेतच हरवतो. माणसाच्या गुडघ्याला बाहेरून लावून काही दिसतं का, याबाबत आम्ही अजून चाचपडतोय. दुसरी म्हणजे ऊन. उन्हातही हाच न दिसणारा उजेड भरपूर असतो, तो दांडीत शिरला की रेघेचा पार बट्ट्याबोळ होतो. म्हणून मोजताना वर काळं कापड टाकावं लागतं. पुढे जो घोटाळा झाला तो या कापडापायीच झाला.

कामाची सुरुवात बोकडांच्या गुडघ्यांपासून झाली. दौंडला शफीचाचांचं मटणाचं दुकान आहे. मला त्यांच्याकडून अख्खे, न तोडलेले गुडघे हवे असायचे. चाचांची अडचण अशी की गुडघा दिसला की त्यांचा हात आपोआप खाली यायचा. मी "चाचा, थांबा" म्हणेपर्यंत त्याचे तुकडे झालेले असायचे. आणि एक दिवस त्यांनी हात खरंच आवरला, तर रांगेतल्या लोकांचं बिनसलं. हिला अख्खा आणि आम्हाला तुकडे, असं का? हिच्या घरी रोज पाहुणे असतात का?

चाचांनी मग आपल्या मनानं खुलासा सुरू केला. पुण्याची मोठी बाई आहे, माझ्याच दुकानातला माल मशीनवर तपासते, असं ते गिऱ्हाइकांना सांगू लागले. मी पुण्याची नाही, मोठी नाही आणि माल तपासत नाही, असं मी दरवेळी खालच्या आवाजात सांगायचे. कुणी ऐकायचं नाही. शेवटी एक गृहस्थ अर्धा किलो मटण घेऊन रिपोर्ट मागायला लागले, तेव्हा मी हात जोडले आणि चाचांनी जाहिरात बंद केली.

ते गुडघे थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एसटीनं न्यावे लागायचे. डब्यातून पाणी गळायला लागलं की कंडक्टर विचारायचे, "मासं हाय का?" मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणायची, "नाही, गुडघे आहेत." त्यानंतर पुण्यापर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. गाडीला कितीही गर्दी असली तरी.

मग माणसांचे गुडघे सुरू झाले. दौंडच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत आमचं यंत्र ठेवलं होतं. ज्यांची इच्छा असेल त्यांनी यायचं, सगळं समजून घेऊन सही करायची आणि गुडघा दाखवायचा. पण आपल्याकडे कुणी बघायला येणार म्हटलं की माणसं आधी घर झाडून घेतात, तसे लोक गुडघे सजवून यायचे. कुणी तेल चोपडून, कुणी हळदीचा लेप लावून. मलम तर बहुतेकांनी लावलेलंच असायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या रेघा इतक्या एकसारख्या आल्या की मला वाटलं आपल्याला काहीतरी मोठा शोध लागतोय. मॅडमनी रेघांकडे बघितलं आणि विचारलं, हे सगळे एकाच दुकानातून मलम घेतात का? तेव्हापासून मी आधी गुडघा पुसून घेते, मग नाव विचारते.

केडगावच्या एक आजी तर दर आठवड्याला यायच्या. मी सांगायची की आजी, हे औषध नाही, हे नुसतं बघणं आहे. त्या म्हणायच्या, "आगं, पन कुणी बगितलं तरी निम्मं दुखणं जातंय." बघितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कसा हाय मग गुडघा?" आणि माझं उत्तरही ठरलेलं होतं, "नक्की सांगता येत नाही." खरं होतं ते. पण इतक्या वेळा म्हणून म्हणून ते माझ्या तोंडात बसलं. घरी आई विचारायची, आज भाजी कुठली करू? मी म्हणायची, नक्की सांगता येत नाही.

आता वकिलाकडे येते.

माझे मामा शिरूर तालुक्यात राहतात. त्यांचा मुलगा रांजणगावच्या कंपनीत शिफ्टमध्ये असतो, त्यामुळे दिवसभर घरी मामा, मामी आणि त्यांचा खिलार बैल. वासरू असल्यापासून काहीही सांगितलं की तो मान हलवून नकार द्यायचा. मामी म्हणाली, ह्याची प्रत्येक गोष्टीला हरकत हायच. म्हणून त्याचं नाव वकील पडलं. मोठा झाल्यावर तो शर्यतीत पळायला लागला. बैलगाड्याच्या शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात. वकील घाटात सुटला की मामा त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेनं त्यांनी मुलाच्या निकालाकडेही बघितलं नव्हतं.

मागच्या वर्षी वकील लंगडायला लागला. मामा त्याला रोज सकाळी ओढ्यावर नेत, तेव्हा पुढचा उजवा पाय जपून टाकायचा. जनावरांचे डॉक्टर गोठ्यात येऊन दोनदा बघून गेले. पाय दाबला, वाकवला, काही सापडलं नाही. मामांनी शेकलं, लेप लावला. लंगडणं वाढतच गेलं. लंगडा बैल कुणी गाड्याला जुंपत नाही. मुलगा म्हणाला, आता विकून टाका, तुमच्यानंही होत नाही. मग एक दिवस मामांचा मला फोन आला.

"इकायचा ठरवलाय," ते म्हणाले. "पन फसवून न्हाई इकायचा. कुठं बिघडलंय ते घेणाऱ्याला सांगून इकीन. तुजं ते लाईटीचं घिऊन ये."

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझ्या मामांच्या समाधानासाठी लावून बघ, पण ते मोजमाप आपल्या कामात धरायचं नाही आणि निकाल म्हणून काही बोलायचं नाही. मी म्हटलं, निकाल न सांगण्याची मला सवय आहे.

मी पोचेपर्यंत मामा बैल घेऊन बाजारात जाऊन उभे राहिले होते. भर उन्हात शंभर जनावरं, त्यांचे मालक, चहाच्या गाड्या आणि मध्ये वकील, अंगावर झूल घालून, नवरदेवासारखा. त्याच्या उजव्या गुडघ्यावरचे केस मामांनी आपल्या दाढीच्या वस्तऱ्यानं काढून ठेवले होते. खिलार बैल बाहेरून पांढराशुभ्र दिसतो, पण केसांखालचं कातडं काळं आणि चिवट असतं. ते बघूनच मला कळलं होतं की उजेड आत पोचणं अवघड आहे. पण मामांनी इतक्या मायेनं ती जागा तासली होती की मला तसं म्हणवेना.

मामांच्या बाजूनं व्यवहार बघायला बबनआप्पा होते. बबनआप्पा हेडी, म्हणजे जनावरांच्या सौद्यातले दलाल. इथे बाजाराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. हेडी हातावर पंचा टाकतो, त्याखाली मालक आणि घेणारा एकमेकांची बोटं धरून भाव करतात. भोवतीच्यांना काही दिसत नाही. बोटं दाबून कबूल केलं की सौदा झाला. मग माघार घेत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त ऊन होतं आणि ऊन दांडीत शिरू न देणं होतं.

काळं कापड मी दौंडलाच विसरले होते. मी बबनआप्पांकडे पंचा मागितला. ते तेव्हा चहावाल्याशी बोलत होते, त्यांनी न बघताच खांद्यावरचा पंचा काढून दिला. मामा वकिलाच्या तोंडाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "बोलू नगं बरं का. त्याला नवा आवाज खपत न्हाई." मी हातमोजे घातले, वकिलाच्या पोटाआड उकिडवी बसले, गुडघ्यावर दांडी टेकवली आणि हातावर पंचा टाकला. पलीकडची कड वाऱ्यानं उडत होती. कुणीतरी धरली तर बरं, म्हणून मी मोकळ्या हातानं नुसती खूण केली.

पलीकडून पंच्याखाली एक हात आला.

मला वाटलं, कुणी भला माणूस मदतीला आला. मी त्याची चार बोटं धरली, दांडीभोवती नीट बसवली आणि घट्ट धरा या अर्थानं दाबली. त्या हातानंही दाबलं. मी अजून एकदा दाबून छान चाललंय असं सांगितलं. तेवढ्यात बबनआप्पा वळले. आपला पंचा बैलावर अंथरलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी हात आत गेलेले बघून, तीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"झाला सौदा!"

पंचा उचलला गेला. पलीकडे कारेगावचा सागर नावाचा तरुण उभा होता. त्याच्या वडिलांनी शेतात खोल्या बांधल्यात, कंपनीतली परगावची मुलं तिथे भाड्यानं राहतात. शेत उरलं नाही तेव्हा सागरला बैलांची हौस लागली. घरच्या एका बैलाला जोडीदार बघायला तो बाजारात पहिल्यांदाच आला होता. पंचा दिसला की हात घालायचा, एवढंच त्याला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या निळ्या हातमोज्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, मला वाटलं मालक हायेत," तो म्हणाला. "हाताला प्लास्टिक लागलं, म्हटलं आजारपणाचं काय असंल. आन् ते पेन हातात दिलं, तवा वाटलं की आता लिहून बी घेत्यात."

गर्दी जमली. आधी सगळे हसले, मग गंभीर झाले. पंच्याखाली बाईचा हात या बाजारात कुणी बघितलेला नव्हता. तो चालतो का, यावर जुनी माणसं दोन बाजूंना वाटली गेली. बबनआप्पांनी मुद्दा मांडला की पंचा हेड्याचा, बैल मामांचा, आणि भाचीचा हात म्हणजे मामाचाच हात. बोटं दाबली का? मी म्हटलं, दाबली. पुन्हा दाबली का? म्हटलं, हो. मग झालं की, ते म्हणाले. चार बोटांचा अर्थ काय होता ते मला आजपर्यंत कुणी सरळ सांगितलेलं नाही. पण एक म्हातारे गृहस्थ कपाळावर हात मारून म्हणाले होते की एवढ्यात तर झूल पण येत नाही.

मी मामांकडे बघितलं. मला वाटलं ते भांडतील. ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वकिलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाजार म्हणतोय तर झाला सौदा." मग सागरला म्हणाले, "पोरा, बैल लंगडतो. फिरवून बघ, मगच ने. उद्या मला बोल लावू नगंस."

सागरनं कासरा हातात घेतला आणि वकिलाला समोरच्या लिंबापर्यंत नेऊन आणला.

वकील लंगडला नाही.

माणसं म्हणाली, पुन्हा. सागरनं पुन्हा नेला. वकील मिरवणुकीतल्यासारखा ताठ चालत गेला आणि आला. मामांचा विश्वास बसेना. त्यांनी कासरा हिसकावून घेतला आणि स्वतः निघाले. चार पावलं गेले असतील नसतील, वकील लंगडायला लागला. बाजार हसला. मामा ओरडले, "आरं, माझी अब्रू घेतोस व्हय?" वकिलानं मान हलवली.

मला या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली आहे. दोन मोजमापं वेगळी आली तर आधी बघ, दोन्हींत काय बदललं. बैल तोच होता, जमीन तीच होती, ऊनही तेच. बदलला होता फक्त कासरा धरणारा माणूस. लॅपटॉपवर वकिलाच्या गुडघ्याची जी रेघ आली होती ती सपाट होती, त्यात काहीच दिसत नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि मामांच्या पायांकडे बघितलं.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही एकटे चालून दाखवा."

"माझ्या चालण्याला काय झालं?"

"काही नाही. लिंबापर्यंत जाऊन या."

ते जायला तयार नव्हते, पण सगळा बाजार बघत होता. ते निघाले. उजवा पाय जपून टाकत, अगदी वकिलासारखे. खरं म्हणजे वकील अगदी त्यांच्यासारखा. रोज सकाळी ओढ्यापर्यंत हे दोघं बरोबर जायचे. मामांचं पाऊल आखूड पडायला लागलं तसं वकिलानंही आपलं आखडतं घेतलं. आपला गुडघा गेलाय हे मामांनी मामीला सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, आणि मला वाटतं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. बैल लंगडतोय म्हणून आपण हळू चालतोय, असंच ते धरून चालले होते.

कुणी हसलं नाही या वेळी. फक्त बबनआप्पा खूश दिसले, कारण लंगड्या बैलाचा सौदा त्यांनी ठणठणीत बैलाचा करून दिला होता. आणि सौदा तर झालेला होता.

मामांच्या गावाकडे बैल देताना जुना मालक त्याच्या पुढच्या पायांवर डोकं टेकवतो, मगच कासरा सोडतो. ते झाल्याशिवाय बैल हलवत नाहीत. मामा वकिलापुढे उभे राहिले आणि खाली वाकू लागले. अर्ध्यावर गुडघ्यातून आवाज आला, तो मलाही ऐकू आला. ते तिथेच अडकले. वकिलाच्या शिंगाला धरून कसेबसे सरळ झाले. पुन्हा वाकायला गेले, पुन्हा तिथेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते गुडघ्यामुळे होतं की कशामुळे, मी विचारलं नाही.

बबनआप्पांकडे त्यावरही तोडगा होता. "भाचीनं हात दिला, आता भाचीच पाया पडंल. मामाच्या जागी भाची, आधीच ठरलंय की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माणसांसमोर बोलता येत नाही. सेमिनारमध्ये मी वाक्य सुरू करण्याआधी पाणी पिते. इतकी वर्षं ज्यानं त्यानं मला विचारलं होतं, कसा आहे, काय आहे, होईल का, आणि मी म्हणत आले होते की नक्की सांगता येत नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी पाया पडणार नाही. माझा हात मोजायला होता, विकायला नव्हता."

"आन् मोजलंस काय?" बबनआप्पांनी विचारलं.

"बैलाला काही झालेलं नाही. मामांना झालंय."

हे बोलताना यंत्राचा काहीच आधार नव्हता. मॅडमनी ऐकलं असतं तर रागावल्या असत्या. पण माझ्या आजवरच्या कामातला तो सगळ्यात नक्की निष्कर्ष होता.

सागर इतका वेळ कासऱ्याच्या टोकाशी चाळा करत उभा होता. तो म्हणाला, "आप्पा, ऱ्हाऊ द्या. मी बी मालकाचा हात कुठं धरला हुता?" मग मामांना म्हणाला, "मामा, यवडं करा. जत्रंला तुमचा वकील माझ्या बैलाबरोबर जुपा. पळंल तवा तुमी तिथं खुर्चीत बसायचं."

मामा म्हणाले, "खुर्चीत न्हाई बसणार."

"बरं, उभं ऱ्हावा," सागर म्हणाला, आणि ते ठरलं. बबनआप्पा पंचा झटकून खांद्यावर टाकताना म्हणाले की पुढच्या बाजाराला तो बाईमाणसाला द्यायचा नाही. मी त्यांना चहा पाजला.

मग मामा एका गाडीच्या जुवावर टेकले, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि म्हणाले, "लाव आता मला."

मी आधी गुडघा पुसला. मलम होतंच. कधीपासून लावत होते कोण जाणे. पंचा पुन्हा मागितला तर बबनआप्पांनी तो स्वतः धरला, दोन्ही कडा पायाखाली दाबून. एका गुडघ्याची रेघ घेतली, दुसऱ्याची घेतली. दोन्ही वेगळ्या दिसत होत्या. पण कातडीवरून आलेल्या रेघांवर मला भरवसा ठेवता येत नव्हता, आणि तसंच मी सांगितलं. म्हटलं, मामा, हे यंत्र अजून शिकतंय. तुम्ही डॉक्टरकडे जा, फोटो काढा.

फोटोत जे दिसायचं ते दिसलं. आधी व्यायाम झाले, काठी झाली, आणि शेवटी गुडघा बदलायचा ठरला. मामांना कुठून तरी कळलं होतं की काढलेले हाडाचे तुकडे फेकून देतात. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की माझे फेकायचे नाहीत, भाचीला लागतात. डॉक्टरांनी आणि मॅडमनी रीतसर परवानगी घेऊन ते आमच्याकडे पाठवले. कुणाचे ते आम्हाला कळू नये म्हणून डब्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण मामांनी दवाखान्यातून फोन करून विचारलं, "पोचला का गं गुडघा माझा?"

तो पोचला होता. मी काळ्या कापडाखाली दांडी धरली. मध्ये कातडी नव्हती, केस नव्हते, मलम नव्हतं. रेघ स्वच्छ आली. एका बाजूला थोडा थर शिल्लक होता, दुसरीकडे नुसतं हाड. एवढ्यावर हा माणूस रोज ओढ्यापर्यंत जात होता. मी बराच वेळ ती रेघ बघत बसले, मग वहीत आकडा लिहून पुढचा नमुना घेतला.

दिवाळीच्या आधी मी मामांकडे जाऊन आले. मामा काठीशिवाय चालत होते, सरळ, पावलं मोजून, नव्या बुटांची सवय करून घ्यावी तसे. सकाळी ते वकिलाला घेऊन ओढ्याकडे निघाले, मी मागून गेले. मामा ताठ चालत होते आणि त्यांच्या बाजूनं वकील, पुढचा उजवा पाय जपून टाकत, लंगडत.

मामा थांबले. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग वकिलाकडे.

"आरं, सरळ चाल की आता," ते म्हणाले. "झालं माझं."

वकिलानं मान हलवली.